नवा मॅक हाती आल्यावर: काय घ्यावे, काय टाळावे आणि अडले तर कोठून सुरुवात करावी

ॲपलची स्वतःची दुकाने महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे आहेत, नागपुरात नाहीत. सीताबर्डी, धरमपेठ परिसरात मॅक विकत मिळतो आणि शहरात अधिकृत सेवा केंद्रेही आहेत. मात्र लहानसहान शंकेसाठी सेवा केंद्राची पायरी चढावी, तर निम्म्या वेळा दोष यंत्रात नसून कुठल्यातरी सेटिंगमध्ये असल्याचे निघते. आयुष्यभर विंडोज वापरून मॅककडे वळलेल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, वकिलांना आणि व्यावसायिकांना पहिल्या काही महिन्यांत ज्या गोष्टी अडतात, त्या डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. यात आग्रह दोनच गोष्टींचा आहे. नवे सॉफ्टवेअर घालण्यापूर्वी यंत्रात आधीपासून काय आहे ते पाहावे, आणि बिघाड वाटला की ज्या उपायाने आपले काहीही जाणार नाही तो उपाय सर्वांत आधी करावा.

यंत्राची ओळख

पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या चिन्हावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडावे. चिप, मेमरी, मॅकओएसची आवृत्ती आणि अनुक्रमांक तेथे दिसतात; ही माहिती एका वहीत उतरवून ठेवावी, कारण यंत्र सुरूच झाले नाही तर हीच माहिती विचारली जाते. चिपच्या जागी एम-१, एम-२ असे नाव असेल तर यंत्र ॲपल सिलिकॉनचे, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपचे आहे, आणि इंटेलचे नाव असेल तर ते आधीच्या पिढीतील आहे. एम-१ चिपची यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये आली. हा फरक माहीत असणे आवश्यक आहे, कारण पुढे सांगितलेले अनेक उपाय दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर वेगवेगळ्या पद्धतीने करावे लागतात. शिवाय २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल यंत्रांसाठीची शेवटची मोठी आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे, आणि तीही मोजक्याच इंटेल यंत्रांवर चालते. म्हणून आज कोणी स्वस्तात इंटेलचा मॅकबुक देऊ करत असेल, तर त्या स्वस्ताईकडे संशयाने पाहिलेले बरे.

जुना मॅक विकत घेताना पैसे देण्यापूर्वी, विक्रेत्याच्या समोरच, सिस्टिम सेटिंग्जमधील ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय त्याच्याकडून चालवून घ्यावा आणि यंत्र नव्याने सुरू करून पाहावे. सुरुवातीच्या मांडणीत आधीच्या मालकाचा ॲपल खात्याचा पासवर्ड मागितला गेला, किंवा हे यंत्र अमुक संस्थेच्या देखरेखीखाली आहे अशी सूचना आली, तर व्यवहार तेथेच थांबवावा. असे कुलूप बाजारातील कोणताही कारागीर खात्रीने काढून देऊ शकत नाही, मग तो काहीही म्हणो.

विंडोजची सवय सोडताना

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण हात आठवडाभरात सरावतात. विंडोजवर कंट्रोल दाबून जे होते ते बहुतेक सगळे मॅकवर कमांड दाबून होते. फाइल निवडून एंटर दाबल्यास ती उघडत नाही, तिचे नाव बदलण्याची चौकट येते. उघडण्यासाठी कमांड आणि ओ दाबावे. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवायची असेल तर कमांड-सी करून नव्या जागी ऑप्शन-कमांड-व्ही करावे. पडद्याच्या निवडक भागाचे चित्र शिफ्ट-कमांड-४ ने मिळते. फाइलवर स्पेसबार दाबला की ती न उघडताच आत काय आहे ते दिसते, आणि ही एक सोय कळली की विंडोजकडे परतताना चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागते.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्यावे. खिडकीच्या कोपऱ्यातील लाल ठिपका दाबल्याने खिडकी बंद होते, बहुतेक प्रोग्राम बंद होत नाहीत. डॉकमधील, म्हणजे पडद्याच्या खालच्या पट्टीतील, चिन्हाखाली बारीक टिंब दिसत असेल तर तो प्रोग्राम अजून चालू आहे. दिवसभरात असे दहा-बारा प्रोग्राम उघडे राहतात, संध्याकाळी मॅक संथ झाल्याची तक्रार सुरू होते आणि दोष यंत्राला दिला जातो. प्रोग्राम खरोखर बंद करण्यासाठी कमांड-क्यू वापरावे.

सर्वांआधी बॅकअप

कोणतेही सॉफ्टवेअर घालण्यापूर्वी एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्यावी, आणि तिची क्षमता मॅकमधील साठ्याच्या निदान दुप्पट असावी. ती जोडून सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, टाइम मशीन (मॅकमधीलच बॅकअपची सोय) या मार्गाने जावे आणि ‘ॲड बॅकअप डिस्क’ निवडावे. ती डिस्क पूर्ण पुसली जाऊन मॅकच्या स्वरूपात तयार होते, म्हणून तिच्यावर लग्नाचे फोटो वगैरे असतील तर ते आधी इतरत्र हलवावेत. त्यानंतर डिस्क जोडलेली असताना टाइम मशीन गेल्या २४ तासांतील दर तासाची, गेल्या महिन्यातील दर दिवसाची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत राखत जाते. जागा भरली की सर्वांत जुन्या प्रती आपोआप काढल्या जातात.

आयक्लाउड चालू आहे म्हणजे बॅकअप झाला, असा समज सर्रास आढळतो. आयक्लाउड हा सर्व यंत्रांवर एकसारखी स्थिती ठेवण्याचा मार्ग आहे; फोनवरून फोटो काढून टाकला की तो मॅकवरूनही जातो. शिवाय त्यातील मोफत जागा ५ जीबीच आहे. आयक्लाउड सोयीसाठी अवश्य वापरावा, पण डिस्क त्याच्या जोडीला हवीच.

सॉफ्टवेअरची निवड

मॅकसोबत जे येते त्याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पेजेस, नंबर्स आणि कीनोट हे लेखन, हिशेब आणि सादरीकरणाचे प्रोग्राम मोफत आहेत, आणि ते वर्ड, एक्सेलच्या फायली उघडतात तसेच त्या स्वरूपात निर्यातही करतात. घरगुती वापराला ते पुरेसे आहेत. मात्र ज्यांना रोज कार्यालयाकडून वर्डच्या फायली येतात, त्यात दुरुस्त्यांची नोंद ठेवून परत पाठवायच्या असतात, किंवा एक्सेलमधील मॅक्रो चालवायचे असतात, त्यांनी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच घ्यावे. तेथे काटकसर करण्यात अर्थ नाही. खर्च नको असेल तर लिबरऑफिस हा मोफत आणि भरवशाचा पर्याय आहे, त्याचा चेहरामोहरा जरा जुना वाटतो इतकेच.

सर्वांत दुर्लक्षित प्रोग्राम म्हणजे प्रिव्ह्यू. विद्यापीठाचे, लोकसेवा आयोगाचे किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना फोटो ठरावीक केबीच्या आत हवा, सही वेगळी हवी, प्रमाणपत्रे एकाच पीडीएफमध्ये हवीत, अशा अटी असतात आणि त्यासाठी लोक अनोळखी संकेतस्थळांवर आपली आधार कार्डे चढवतात. त्याची काहीही गरज नाही. फोटो प्रिव्ह्यूमध्ये उघडून टूल्स यादीतील ‘ॲडजस्ट साइझ’ निवडावे आणि रुंदी व उंची कमी करावी. मग फाइल यादीतून ‘एक्सपोर्ट’ निवडून स्वरूप जेपीईजी ठेवावे. गुणवत्तेची पट्टी सरकवताना खाली फाइलचा अंदाजे आकार बदलताना दिसतो, तो अटीत बसला की जतन करावे. आयफोनने काढलेले फोटो एचईआयसी स्वरूपात असतात आणि अनेक अर्जांच्या पानांवर ते स्वीकारले जात नाहीत. त्यांनाही हाच एक्सपोर्ट लागू पडतो. दोन पीडीएफ जोडायच्या असतील तर दोन्ही उघडून व्ह्यू यादीतून ‘थंबनेल्स’ दाखवावेत आणि एकीची पाने ओढून दुसरीच्या पट्टीत सोडावीत. सहीसाठी पांढऱ्या कागदावर सही करून ती मॅकच्या कॅमेऱ्यासमोर धरली तरी प्रिव्ह्यू ती टिपून ठेवतो.

ब्राउझरसाठी सफारी पुरेसा आहे आणि बॅटरीही तो कमी खातो. तरीही क्रोम किंवा फायरफॉक्स यांपैकी एक जोडीला ठेवावा, कारण काही सरकारी आणि बँकांची संकेतस्थळे सफारीत अडखळतात. पावतीचे बटण दाबूनही काहीच उघडत नाही अशी तक्रार असेल, तर सफारीच्या सेटिंग्जमध्ये वेबसाइट्स या भागात ‘पॉप-अप विंडोज’ पाहावे. त्या संकेतस्थळापुढे ‘अलाउ’ निवडले की पावती येते.

बाहेरून घेण्याजोगे फार थोडे उरते. एमकेव्ही स्वरूपातील चित्रफिती मॅकच्या क्विकटाइममध्ये चालत नाहीत, त्यासाठी व्हीएलसी किंवा आयना घ्यावे. आरएआर स्वरूपातील गठ्ठे सोडवायला ‘द अनआर्कायव्हर’ हा छोटा मोफत प्रोग्राम ॲप स्टोअरवर आहे. मॅक ‘साफ’ करून वेगवान करण्याची हमी देणारे प्रोग्राम मात्र घेऊ नयेत. मॅकओएसमध्ये एक्सप्रोटेक्ट ही घातक प्रोग्राम ओळखणारी यंत्रणा आधीपासून असते आणि ती पार्श्वभूमीत आपोआप अद्ययावत होते. सफाईवाले प्रोग्राम वर्गणी मागतात, सतत भीतीच्या सूचना दाखवतात आणि त्यांच्यामुळेच यंत्र संथ झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

प्रोग्राम घालण्याची रीत समजून घ्यावी. संकेतस्थळावरून उतरवलेली डीएमजी फाइल उघडल्यावर एक आभासी डिस्क दिसते. तिच्यातील चिन्ह ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ओढावे, मग ती डिस्क ‘इजेक्ट’ करावी आणि डीएमजी कचऱ्यात टाकावी. अनेक जण त्या आभासी डिस्कमधूनच प्रोग्राम चालवत राहतात आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तो गायब झाल्याचे सांगतात. प्रोग्रामच्या निर्मात्याची खातरजमा होऊ शकत नाही असे मॅक म्हणाला, तर आधी आपण फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घेतली आहे का ते तपासावे. खात्री असेल तरच सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडून खाली ‘ओपन एनीवे’ दाबावे. चोरीची आवृत्ती चालवण्यासाठी कोणी टर्मिनलमध्ये (लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत) एखादी ओळ चिकटवायला सांगत असेल, तर ती ओळ चिकटवू नये. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम नेमके याच वाटेने आत येतात.

टॅली, डिजिटल सही आणि प्रिंटर

इतवारी, गांधीबाग भागातील व्यापाऱ्यांनी आणि त्यांचे हिशेब पाहणाऱ्यांनी मॅक घेण्यापूर्वी हा भाग वाचावा. टॅली प्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीचे आहे आणि ते मॅकवर थेट चालत नाही. इंटेल यंत्रांवर बूटकॅम्प या ॲपलच्याच सोयीने विंडोज घालता येत असे. ॲपल सिलिकॉनवर ती सोय नाही. तेथे पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजनसारख्या आभासी यंत्रात, म्हणजे मॅकच्या आतच दुसरा संगणक उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज ११ ची आर्म (अशा चिपवर चालणारी) आवृत्ती चालवावी लागते आणि त्यात टॅली चालवावी लागते. अधूनमधून एखादी नोंद पाहण्यापुरते हे ठीक आहे. परंतु ज्यांचे रोजचे काम टॅलीत आहे आणि विवरणपत्रांसाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लागते, त्यांनी एक साधा विंडोज संगणक कार्यालयात ठेवावा. टोकनचा ड्रायव्हर, ब्राउझर आणि आभासी यंत्र या तिघांची मोट शेवटच्या तारखेच्या रात्री बांधत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

प्रिंटर नवा घ्यायचा असेल तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिले आहे का एवढेच पाहावे. लिहिले असेल तर ड्रायव्हर शोधावा लागत नाही. घरात जुना लेझर प्रिंटर असेल तर मॅक घेण्यापूर्वीच त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॅकओएससाठी ड्रायव्हर आहे का ते पाहून घ्यावे.

पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क

मित्राच्या विंडोज संगणकावरील हार्ड डिस्क जोडली, फायली दिसल्या, पण मॅकवरून तिच्यात काही टाकता येत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची असते. डिस्क बिघडलेली नसते. ती एनटीएफएस स्वरूपात असते, आणि मॅक ते स्वरूप वाचतो पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालेल अशी डिस्क हवी असेल तर ती एक्सफॅट स्वरूपात तयार करावी. डिस्क युटिलिटी उघडून व्ह्यू यादीत ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडावे, डावीकडे बाहेरचीच डिस्क निवडली आहे याची दोनदा खात्री करावी, मग ‘इरेज’ दाबून एक्सफॅट निवडावे. यात डिस्कवरील सर्व काही पुसले जाते, म्हणून आतील फायली आधी मॅकवर उतरवून घ्याव्यात. जुने फॅट-३२ स्वरूपही दोन्हीकडे चालते, मात्र त्यात ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही. डिस्क काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढावी. एक्सफॅट या बाबतीत फार हळवे आहे.

मॅकवर मराठी

याबाबत दुकानात कोणी काही सांगत नाही आणि खरी गरज मात्र हीच असते, म्हणून येथे थोडे थांबून लिहितो. मराठी लिहिण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’ उघडावे, ‘इनपुट सोर्सेस’पुढील ‘एडिट’ दाबावे, अधिकचे चिन्ह दाबून भाषांच्या यादीतून मराठी किंवा हिंदी निवडावी आणि देवनागरीचा हवा तो कळफलक जोडावा. देवनागरी नावाचा कळफलक इन्स्क्रिप्ट पद्धतीचा आहे, तर देवनागरी-क्वर्टी हा रोमन अक्षरांच्या उच्चाराच्या जवळ जाणारा आहे. त्यानंतर कंट्रोल आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते.

ज्यांना रोज पानभर तरी मराठी लिहायचे आहे त्यांनी इन्स्क्रिप्टच शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती सरकारी प्रमाणित मांडणी आहे, विंडोजवरही हीच मांडणी मिळते, आणि स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असल्याने वेग लवकर येतो. क, र, म ही अक्षरे अनुक्रमे के, जे आणि सी या कळांवर आहेत. काना ई वर, दुसरी वेलांटी आर वर आणि हलन्त डी वर आहे. शिफ्टसह जे दाबले की ऱ मिळतो, आणि त्यापुढे हलन्त देऊन य लिहिला की ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ यांमधला ऱ्य नीट उमटतो. सुरुवातीला मेनूपट्टीतील भाषेच्या चिन्हातून ‘शो कीबोर्ड व्ह्यूअर’ निवडून कळफलकाचे चित्र पडद्यावर ठेवावे, महिनाभरात ते लागेनासे होते. टंकन नकोच असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून मराठीत बोलून लिहिण्याची सोयही आहे. विरामचिन्हे मात्र नंतर हाताने घालावी लागतात.

दिसायला सारखे पण आतून वेगळे असे काही प्रकार शोध घेताना फसवतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित संकेतांत, एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण पुष्कळ जण अ लिहून त्यावर चंद्र देतात. पानावर दोन्ही सारखेच दिसते, आणि एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर तो सापडेलच असे नाही. मोठी यादी किंवा पुस्तकाचे हस्तलिखित तयार करणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच एक पद्धत ठरवून घ्यावी.

आता जुन्या फायलींचा प्रश्न. कोणी वर्डची फाइल पाठवते, आणि उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हांचा काला दिसतो. अशी फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली असते. तिच्या पोटात खरोखर रोमन अक्षरेच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. पाठवणाऱ्याकडून तो फॉन्ट मागवून घ्यावा, त्यावर दोनदा क्लिक करून फॉन्टबुकमध्ये ‘इन्स्टॉल’ करावा, म्हणजे मजकूर वाचता येतो. पुढे संपादन करायचे असेल तर मात्र तो युनिकोडमध्ये बदलून घेणेच श्रेयस्कर. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांखालून घालावीत, कारण गफलत नेमकी तेथेच होते.

उलट दिशेनेही एक अडचण येते. मॅकवर कोहिनूर देवनागरी, आयटीएफ देवनागरी, श्री देवनागरी ७१४ असे देखणे फॉन्ट असतात, पण ते समोरच्याच्या विंडोजवर नसतात. मग तेथे दुसरा फॉन्ट लागतो, ओळी पुढे सरकतात आणि दोन पानी निमंत्रण तीन पानांचे होते. दोन्हीकडे नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोफत फॉन्ट बसवावा, किंवा समोरच्याला काही बदलायचे नसेल तर सरळ पीडीएफ पाठवावी.

यंत्र संथ झाले, तापले

मॅक वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावे, असे ॲपलच्या तांत्रिक माहितीत नमूद आहे. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो हे येथे कोणाला सांगायला नको. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, वातानुकूलन नसलेल्या खोलीत मॅकबुक एअर संथ होणे हा बिघाड नसून स्वसंरक्षण आहे. एम-१ पासूनच्या एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे तापल्यावर वेग कमी करणे हा एकच उपाय त्याच्याकडे असतो.

अशा वेळी ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडून सीपीयू या भागात जो प्रोग्राम सर्वांत वर दिसेल तो पाहावा. तेथे कर्नेल टास्क हे नाव मोठ्या टक्केवारीसह दिसले, विशेषतः इंटेल यंत्रांवर, की लोक घाबरून तो विषाणू समजतात. प्रत्यक्षात तापमान वाढल्यावर प्रोसेसर इतर कामांना कमी उपलब्ध व्हावा म्हणून ही प्रक्रिया त्याला अडवून धरते. ती बंद करण्याचा प्रयत्न करू नये. यंत्र गादीवरून उचलून लाकडी टेबलावर ठेवावे, मागची बाजू मोकळी ठेवावी, चार्जर थोडा वेळ काढावा आणि व्हिडिओचे जड काम सकाळी करावे. बंद गाडीत मॅकबुक ठेवून खरेदीला जाऊ नये. कुलरच्या थेट झोतातही तो ठेवू नये. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी हवा गार असते तशी दमटही असते, कधी पाण्याचे तुषारही उडतात, आणि पाण्याने झालेले नुकसान ॲपलच्या साध्या हमीत बसत नाही. कुलरची गार हवा खोलीत फिरावी आणि यंत्र तिच्या वाटेपासून बाजूला असावे.

चार्जिंग चालू असताना धातूच्या पृष्ठभागावर हात फिरवल्यास मुंग्या आल्यासारखे वाटते, याचाही येथेच उल्लेख करतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग मिळत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण आहे. ॲपलची तीन पिनांची एक्स्टेंशन केबल लावली आणि घरातील अर्थिंग ठीक असले की बहुधा हा प्रकार थांबतो. तीन पिनांची केबल लावूनही मुंग्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, कारण मग प्रश्न एकट्या मॅकचा राहत नाही.

उष्णतेशी संबंध नसताना यंत्र संथ वाटले तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या मेमरी भागातील ‘मेमरी प्रेशर’चा आलेख पाहावा. तो हिरवा असेल तर मेमरी पुरेशी आहे, वापरलेली मेमरी कितीही मोठी दिसली तरी. पिवळा किंवा लाल असेल तर ब्राउझरमधील टॅब आणि न लागणारे प्रोग्राम बंद करावेत. मोठ्या अपडेटनंतर काही तास ते एखादा दिवस यंत्र जड वाटते, कारण स्पॉटलाइट ही मॅकची शोधयंत्रणा सर्व फायलींची सूची पुन्हा बांधत असते. तेव्हा चार्जर लावून ते रात्रभर चालू ठेवावे. साठा भरत आला असेल, आणि २५६ जीबीच्या यंत्रात तो पटकन भरतो, तर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, स्टोरेज येथे काय किती जागा खाते ते दिसते. बहुतेकांचा दोषी डाउनलोड्स फोल्डरच निघतो.

एखादाच प्रोग्राम गोठला आणि रंगीत चक्री फिरत राहिली तर ऑप्शन-कमांड-एस्केप दाबून तो प्रोग्राम निवडावा आणि ‘फोर्स क्विट’ करावे. संपूर्ण यंत्र बंद करण्याची घाई करू नये.

वाय-फाय

इंटरनेट बंद पडल्यास आधी फोनवर तेच वाय-फाय चालते का ते पाहावे. फोनवरही नसेल तर मॅकला हात लावण्याचे कारण नाही. मॅकवरच अडचण असेल तर ऑप्शन कळ दाबून ठेवून मेनूपट्टीतील वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करावे. आरएसएसआय नावाचा उणे आकडा दिसेल. तो उणे ५० ते उणे ६० च्या आसपास असेल तर संकेत चांगला आहे, उणे ८० कडे गेला तर राउटर दूर आहे किंवा मध्ये जाड भिंत आहे. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांच्या भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा संकेत लवकर विरतो, तेथे २.४ गिगाहर्ट्झच बरा. प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याची सूचना येऊ लागली तर तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते पाहावे.

काहीच चालेना तेव्हा

क्रम असा ठेवावा. प्रथम यंत्र ‘रीस्टार्ट’ करावे आणि बाहेर जोडलेली सर्व उपकरणे काढून पाहावे. दोष तसाच राहिला तर ‘सेफ मोड’ वापरावा: ॲपल सिलिकॉनचे यंत्र बंद करून पॉवरचे बटण पर्याय दिसेपर्यंत दाबून धरावे, डिस्क निवडून शिफ्ट दाबून ठेवावे आणि ‘कंटिन्यू इन सेफ मोड’ निवडावे, इंटेल यंत्रावर सुरू करतानाच शिफ्ट दाबून धरावे. सेफ मोडमध्ये सगळे ठीक चालत असेल तर आपोआप सुरू होणारा एखादा बाहेरचा प्रोग्राम त्रास देत आहे. तो सिस्टिम सेटिंग्जमधील ‘लॉगिन आयटम्स’ या यादीत सापडतो. मग नवे वापरकर्ता खाते तयार करून त्यात तोच प्रयोग करावा. तेथे दोष दिसत नसेल तर बिघाड आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे आणि यंत्र निरोगी आहे.

यानंतर रिकव्हरीत, म्हणजे मॅकच्या दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या पडद्यावर, जावे. ॲपल सिलिकॉनवर पॉवरचे बटण दाबून धरून ‘ऑप्शन्स’, इंटेलवर सुरू होताना कमांड आणि आर. तेथे डिस्क युटिलिटीतील ‘फर्स्ट एड’ चालवावे. त्यानेही भागले नाही तर ‘रीइन्स्टॉल मॅकओएस’ निवडावे. डिस्क आधी पुसली नाही तर यात आपल्या फायली जागेवर राहतात, तरी बॅकअप घेतल्याशिवाय हे करू नये. आय-मॅक किंवा मॅक मिनी असेल तर ते काम यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर असतानाच करावे, कारण मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पीरॅम आणि एनव्हीरॅम (काही सेटिंग्ज जपून ठेवणारी छोटी मेमरी) पुसण्याचे जे कळांचे संच सांगितले जातात ते इंटेल यंत्रांचे आहेत. ॲपल सिलिकॉनवर त्यांचा उपयोग नाही.

या गडबडीत एक सावधगिरी बाळगावी. ‘तुमचा मॅक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी चौकट ब्राउझरमध्ये आली तर फोन करू नये. कमांड-क्यू, आणि तेही चालले नाही तर फोर्स क्विट करून ब्राउझर बंद करावा, मग शिफ्ट दाबून ठेवून तो पुन्हा उघडावा, म्हणजे सफारी जुनी पाने परत आणत नाही. दूरस्थ मदतीच्या नावाखाली पडद्याचा ताबा मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

सेवा केंद्रात न्यायचेच ठरले तर सुरुवातीला वहीत उतरवलेला अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि वरीलपैकी कोणत्या पायरीवर काय दिसले याची टीप सोबत न्यावी. आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून काउंटरवर देऊ नये. तपासणीसाठी खाते लागत असेल तर पासवर्ड स्वतः टंकित करावा किंवा त्यांच्यासाठी वेगळे तात्पुरते खाते काढून द्यावे. दुरुस्तीचा अंदाजे खर्च लेखी घ्यावा, आणि लॉजिक बोर्ड (यंत्राचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलायचा म्हणाले तर आतील साठा बोर्डावरच जोडलेला असल्याने तो त्याच्यासोबत जाणार हे गृहीत धरून, टाइम मशीनची डिस्क घरी सुरक्षित आहे याची खात्री केल्यावरच होकार द्यावा.